डावखुरा

उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे,
चिंचोक्याएवढी.
तिथं बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी.
टॉवेल पिळवत नाही. दाराची कडी निघत नाही.
चहाचा कप डाव्या हातानं.

शहापुरातल्या भट्टीवर एकतीस वर्षं कुंदा घोटतोय.
दूध, साखर, आणि खाली लागू न देणं,
एवढंच काम. खरं ते चार तास चालतं.

तेल झालं, पट्टा झाला.
सुई घेतली, ती पाडव्यापासून बेंदरापर्यंत पुरली.

फिजिओथेरपीवाली पोर, हुक्केरी आडनावाची,
मराठी बोलते, मधेच कन्नडात शिरते.
म्हणाली, काका, सूज न्हवं ही.
सूज असती तर कवाच उतरली असती.
कंडरा म्हणतात हिला, मांस हाडाला बांधणारी दोरी.
रात्री ती स्वतःला वळायला बसते,
सकाळी तुम्ही ओढता, अर्धी वळलेलीच.
आता पीळच बिघडलाय.
खरं एकतीस वर्षं सोसलं की हिनं.
दुखायच्या आधी बदललं काय?

काही नाही, म्हटलं. तीच कढई, तोच जाळ.
तिनं तसंच लिहून घेतलं.

अनगोळच्या बसमध्ये वरचा दांडा धरला, सवयीनं उजव्यानं,
कळ कोपरातून मनगटापर्यंत गेली,
आणि रुद्राप्पा आठवला.

कढईच्या पलीकडं उभा राहायचा.
माझा झारा थांबला की त्याचा सुरू, डाव्या हातानं,
दुधाला पत्ता लागायचा नाही.
मोजायचा, ओंदू, एरडू, मूरू,
शंभराला पुन्हा मी.

त्या दिवाळीआधी त्यानं रोजाला पन्नास वाढवून मागितले,
दोघांसाठी.
मालकांनी माझ्याकडं बघितलं.
मी कढईत.
साय धरत होती, हे खोटं नाही.

तो लेकीकडं गोकाकला गेला.
मालक म्हणाले, तू एकटा पुरे आहेस की.
मला ते कौतुक वाटलं.

आता रोज संध्याकाळी कुंद्याचा अर्ध्या किलोचा डबा मुठीत.
वर न्यायचा तो डाव्याच्या मदतीनं,
खाली सोडायचा उजव्यानं, एकट्यानं,
स्वल्प स्वल्प, पोर म्हणते.
थोडं दुखलं तर चालतंय.
नुसतं बसवून ठेवली तर दोरी आणखी कुजते.
पंधरा वेळा.

मोजायला लागलो की आकडे कन्नडातच येतात.

भट्टीमागच्या भिंतीवर गोकाकचा फोन नंबर आहे,
पेन्सिलीनं, त्याच्याच हातचा.
धुरानं दोन आकडे गेलेत.
उरलेले अजून डावीकडं झुकलेले.