छाट

मार्कंडेय नाव ठेवलं होतं मी त्याचं.
यमाला जो नेता आला नाही, त्याचं नाव.
एकोणीस वर्षं पुरलं.

अक्कलकोट रोड, रात्रपाळी सुटलेली, टँकर.

सिव्हिलच्या मागच्या खोलीत
एक नर्सबाई त्याचं तोंड पुसत होती,
शाळेला निघालेल्या पोराचं पुसावं तसं.
केस विंचरले तिनं. डावीकडून भांग पाडला.
मी रडले नाही, ओरडले नाही,
एवढंच म्हणाले,
त्याचा भांग उजवीकडून असतो.
तिनं मान हलवली.
फणी नळाखाली ओली केली
आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर बोटं गेली माझी.
दुखत नव्हती. ऐकत नव्हती.
पानं गोणपाटात भिजून भिजून काळी पडायची,
तंबाखू सुपात तशीच.
हजाराच्या दोनशे झाल्या विड्या,
दोनशेतल्या निम्म्या छाट.
इराबत्ती मास्तर एकेक उजेडाला धरायचा,
तोंड नीट मुडपलं नाही म्हणायचा,
आणि टोपलीत.
छाटीचे पैसे नसतात.
दिवस आपला, बोटं आपली,
विडी मात्र त्यांची.

मालक तर आधीच गेलेले,
लूमचा कापूस छातीत घेऊन.
घरकुलाच्या एका खोलीत दोन फोटो आणि मी.

ती गुरुवारी आली. एस्तेर उजगरे, नगरकडची.
पत्ता कागदांवरून काढला म्हणाली, माफ करा.
मला वाटलं, आता पिशवीतून पुस्तक निघणार.
कात्री निघाली.
पत्र्याचा साचा ठेवून पानं कापायला बसली,
आणि इतकी वेडीवाकडी कापायला लागली
की मला हसू फुटलं.
अकरा महिन्यांनी. मीच दचकले.

सात-आठ गुरुवार गेले असतील.
एकदा मीच विचारलं,
तुमच्या येशूला मारलं, तेव्हा आई कुठं होती त्याची?
खाली उभी होती, म्हणाली. शेवटपर्यंत.
मग अंग कुणी पुसलं?
घाईत राहूनच गेलं ते, म्हणाली,
म्हणून बायका निघाल्या रविवारी, अंधार असतानाच,
सुगंधी मसाला घेऊन.
मी कात्री थांबवली नाही,
पण त्या बायका मला ओळखीच्या वाटल्या.
पदर खोचून झपझप चाललेल्या,
धोंडा कोण सरकवणार म्हणत.
मग?
मग तो तिथं नव्हताच.

मला राग आला.
त्यांचा उठला. माझा नाही.
तिच्याकडे उत्तर होतं, ओठापर्यंत आलेलं दिसलं मला.
तिनं ते गिळलं, पुढचं पान घेतलं.

त्या रागासकटच गेले मी चर्चमध्ये.
चपला काढाव्यात का ठेवाव्यात कळेना,
शेवटच्या बाकाखाली सरकवल्या.
ते मराठीत प्रार्थना करत होते,
मी मनातल्या मनात तेलुगूत भांडत होते,
माझ्या आईच्या शिव्या घालून.
त्याला तेलुगू कळतं
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.
कळतं.

चमत्कार वगैरे झाला नाही.
एका दुपारी बोटांनी पान वळलं,
मला न विचारता,
दोरा गुंडाळला, गाठ मारली.
मी नुसती बघत बसले.

बाप्तिस्म्याला पाळकांनी ओंजळ ओतली.
पाणी कोऱ्या भांगातून खाली उतरलं,
जिथं चौदा वर्षं काही लागलं नव्हतं.
एस्तेरबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या.
राहू द्या, म्हटलं. वाळेल.

नारळी पौर्णिमेला रथ निघतो
तेव्हा अजून जाते मी रस्त्यावर.
हजार माणसं त्याचं नाव घेतात त्या दिवशी.
जाऊबाई म्हणते, आता तुझं काय काम इथं?
म्हणू दे.
रात्री झोप लागते कधी, कधी नाही.

काल मास्तरनं अकरा विड्या छाटल्या.
द्या इकडं, म्हटलं.
नियमात नाही, म्हणाला.
मी हात पुढं करून उभीच राहिले,
मागं रांग खोळंबली.
दिल्या त्यानं.