शंभरातल्या अडुसष्ट

डॉक्टर मुकादम विचारत गेल्या, मी सांगत गेले.
वय एकोणतीस. उंची पाच फूट, चपला काढून.
वजन? जेट्टीवरच्या काट्यावर मासळी चढते, मी नाही.
तुमच्याच काट्यावर बघा.
पहिलं सिझर कशामुळे?
मुलगा पायाळू होता.
म्हणजे तुमचं काही चुकलं नव्हतं, म्हणाल्या,
आणि कीबोर्डवर एका बोटाने काहीतरी टाइप केलं.
चार वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा कुणी म्हटलं.

मग आकडा आला.
तुमच्यासारख्या शंभरातल्या अडुसष्ट
आपल्याआपण मोकळ्या होतात.
दोनशेत एखादीची जुनी शिवण उसवते.
म्हणून हर्णैत नाही, दापोलीतही नको;
जिथे भूल देणारा रात्री जागेवर असतो, तिथे.
चिपळूणला.
कागद माझ्याकडे सरकवला. ठरवा तुम्ही.

सासू टोपलीपाशी बसून बांगडे मोजत होती.
तिचं सगळं तिथीवर:
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
चतुर्थी, तीन वाजता. बोटांवर.
"अडुसष्ट म्हणजे काय गो? भाव फुटला काय?"
म्हटलं, शंभर बाया एका रांगेत उभ्या आहेत
आणि मला माझी जागा दिसत नाही.
ती म्हणाली, मग लिलावासारखंच आहे.

माझे बाबा होड्या दुरुस्त करायचे.
फळीच्या फटीत कापूस ठोसायचा, वरून राळ.
टिकेल ना, असं कुणी विचारलं
की बोटाच्या पेराने फळी वाजवायचे, कान लावायचे
आणि म्हणायचे,
पाण्यात घातल्यावर कळेल.
लहानपणी मला ती टाळाटाळ वाटायची.

दशमीला पहाटे कळा सुरू झाल्या.
परशुरामाच्या घाटात गाडीने खड्डा घेतला
तेव्हा नवऱ्याने दरवाजाची कडी धरली, मी शिवण.
नऊ तास. सहा सेंटिमीटर. मग तेवढ्यावरच.
बाळाचे ठोके, तेल संपत आलेल्या इंजिनासारखे,
एक लागायचा, एक चुकायचा.
कागदावर मी पुन्हा सही केली.
पडद्यापलीकडे कात्रीचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही.
मग मुकादम बाई म्हणाल्या,
बरं झालं आलो आत.
शिवण इतकी पातळ झालीय
की बाळाचे केस दिसतायत.

मुलगी. दोन किलो आठशे.
केस खरंच खूप आहेत.

संध्याकाळी सासूचा फोन.
"म्हणजे चुकला ना गो तुझा तो हिशेब?"
नाही, म्हटलं.
बत्तीस जणी पहिल्यापासून त्याच हिशेबात होत्या.
तिला पटलं की नाही, कळलं नाही.
मागे होड्यांचा गलका ऐकू येत होता.
भरती लागली?
"लागली, साडेसातला. कुठे जातेय?"
मग जरा थांबून, हळू आवाजात,
"टाके दुखतात काय?"