तीन पेल्यांचा गुरुवार

जांभळी नाक्यावर, सुक्या मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी
औयांग डॉक्टरचा दातांचा दवाखाना.
मी चेंदणीतला, नऊ वर्षांचा, हाटेलात बिनपगारी.
तारेच्या टोपलीत ग्लास घेऊन
दर गुरुवारी चार वाजता जायचो.

तिघं यायचे. एक माझगावचा सुतार,
एक जहाजावरचा बटलर,
तिसऱ्याचं काम मला कधी कळलं नाही.
दात कुणाचाच दुखत नसायचा.
डॉक्टर माझे ग्लास बाजूला सारून
आपले बिनकानाचे पेले मांडायचा:
एक भरलेला, किटलीच्या तोंडासमोर,
दोन रिकामे, अंगठ्याएवढं अंतर राखून.
आलेला माणूस पेला आधी सरकवायचा, मग प्यायचा.
मला वाटे, जेवणाआधी बामण चित्राहुती घालतात,
तसलं काही असेल.

एकदा गिऱ्हाईक नव्हतं.
कवळीच्या मेणात त्यानं दाभणानं तीन थेंब कोरले.
"हे पाणी. पुढच्या रेघा जोडल्या की पूर.
आमच्यात शिरलं की सगळ्यांचं आडनाव पूर.
आभाळ बाप, धरणी माय.
मठ जळला, पाच वाचले, त्यांची आम्ही लेकरं.
खरंखोटं त्या मठाला ठाऊक."
तलवारींच्या कमानीखालून वाकून जायचं,
कोंबड्याचं रक्त दारूत,
पिवळा कागद जाळून त्याची राखही त्यातच,
आणि छत्तीस शपथा.
बुडालेलं राज्य परत आणायचं होतं म्हणे.
"मग आणलं?"
"प्रेतं उचलली," तो म्हणाला. "परमुलखात मेलेल्यांची
हाडं गावी धाडली. वर्गणी काढली.
काहींनी पुढं दुकानदारांकडून खंडणी काढली.
शपथ तीच."

बासष्टच्या थंडीत पोलीस आले.
लाल तोंडाच्या, लांब दाढीच्या देवाची तसबीर उतरवली.
हवालदारानं मला लिमलेटची गोळी दिली.
"पोरा, ह्याच्याकडं कोण कोण येतं?"
मी हुशार. बोटं मोजून सांगितलं.
तीन. गुरुवारी.
पेले कसे मांडतात तेही
टोपलीतले ग्लास काढून, फरशीवर, करून दाखवलं.

चार वर्षांनी राजस्थानातल्या छावणीतून तो परतला.
त्याचेच पुढचे दात नव्हते.
गुरुवार आला, तिघं आले नाहीत.
मी गेलो. मला मिसरूड फुटत होतं.
त्यानं दोनच पेले मांडले, एक भरला,
माझ्यासमोर ठेवला
आणि हात मांडीवर घेऊन बसला.

छत्तिसातली एक त्यानं मला सांगितली होती:
भावाचं नाव जो सांगेल
त्याच्यावर पाच विजा पडोत.
आता मी काही त्याचा भाऊ नव्हतो.
तरी पेला उचलला, मोरीत ओतला,
पुन्हा भरला आणि प्यालो.
का, ते विचारू नका.
पहिल्या चहात माझं तोंड दिसत होतं, ते नको होतं.

डॉक्टर बराच वेळ मोरीकडं बघत राहिला.
मग दुसरा पेला सरकवला त्यानं, अंगठ्याएवढा,
आणि म्हणाला, "आडनाव काय रे तुझं?"

मी सांगितलं.
तो नुसती मान हलवत राहिला,
गणित चुकलेल्या पोराकडं बघून मास्तर हलवतात तशी.