अकरावी पायरी

घड्याळ थांबवायचं, म्हणून आधी गावाला विचारावं लागलं.
तीन रात्री, नऊनंतर, पहाटेपर्यंत.
ओबेर म्हणाला, माझा पाव काय टोल्यांवर फुगतो? थांबवा.
फक्त देल्फिनआजी अडून बसली:
मी त्यातल्याच एका रात्री गेले,
तर किती वाजता गेले ते कोण सांगणार?
तिला माझं मनगटी घड्याळ काढून दिलं.

लंबकाशी हेझलची काठी अडकवली. नऊ चाळीस.
हीटरही बंद; तो टकटकतो, म्हणे.
अर्देनच्या डोंगरातल्या आमच्या दगडी चर्चमध्ये
मग इतकं शांत झालं
की मेण ओघळलेलंही ऐकू यावं.

बाई लिएजहून आलेल्या. ओदील वाँतिये.
कोटावर कोट, आणि बोटं उघडी.
एकटं व्हायोलिन. पियानो नाही, सोबतीला कुणी नाही.
सहा सोनाटा.
एकट्याने इतकं काय बोलायचं?
मी सतरा वर्षं एकटी राहते, मला विचारा.

पण ते एकटं नव्हतंच.
एक तार काही म्हणायची, दुसरी तिला मध्येच तोडायची,
तिसरी खालून हं हं करत राहायची,
माझे आईवडील बटाटे सोलताना भांडायचे तसं,
दोघांचे हात एकाच घमेल्यात.
मग बोटं अशी सुटायची की कळेना,
ही वाजवतेय, की काही सांडतंय आणि ही झेलतेय.
एका जागी चुकली. देवासमोर शिवी दिली.
पुन्हा. पुन्हा. एकोणीस वेळा.
तोवर ती चूक मलाही पाठ झालेली,
आणि एकोणिसाव्या वेळी ती आलीच नाही.
अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि ती नसावी, तसं पोटात झालं.

रेकॉर्डिंगवाला बास्तियाँ, पोरगाच,
पाद्रीबुवांच्या झग्यांखाली हेडफोन लावून बसलेला.
सूप नेलं तर खुणेने म्हणाला, चमचा नको.
वाडगं तोंडाला लावून प्यायला,
मांजरासारखा, आवाज न करता.

तिसऱ्या रात्री वारा उठला.
काठी निसटली तर?
बूट काढले, लोकरीच्या मोज्यांवर मनोऱ्याचा जिना चढले.
अकरावी पायरी टाळायची, हे लग्नाआधीपासून ठाऊक.
लांबेर म्हणायचा, या उन्हाळ्यात ठोकतो.
गेला त्या उन्हाळ्यातही म्हणाला होता.
पण खाली तिने तो संथ भाग सुरू केला
आणि मी मोजायची विसरले.

करर्र.

मी तिथेच, एका पायावर, बगळ्यासारखी.
ती थांबली नाही.

काल पाकीट आलं. सीडी. आभारात माझं नाव,
चुकीचं लिहिलेलं.
बास्तियाँची चिठ्ठी: तो आवाज पुसायला गेलो
की त्याच्याखालचा सूरही जातो,
आणि तसं तिला पुन्हा जमलं नाही. माफ करा.

ओबेरच्या दुकानात लावली.
चौथा सोनाटा, तिसरं मिनिट.
लोक व्हायोलिन ऐकत होते असं म्हणवत नाही.
करर्र.
हीच! ओबेरचा पिठाचा हात वर.
देल्फिनआजी, जी गेली नाही
आणि जिने माझं घड्याळही परत केलं नाही,
म्हणाली, लांबेर आळशीच होता मुळात.
सगळे हसले. मीही.

घरी येऊन एकटीने लावली.
कुठे कुठे लांबच्या गावांत ही विकत घेतलेली माणसं
तिथे जरा मान वर करतील,
आपल्याच जिन्यावर कुणी आहेसं वाटून.

घड्याळ मी ओदीलबाईंच्या मनगटावर बघून लावलं होतं.
ते सात मिनिटं मागे निघालं.
गाव अजून सात मिनिटं मागेच आहे.
तक्रार कुणाची नाही. सकाळची बस चुकते, एवढंच.

सोमवारी सुतार आला, नवी फळी घेऊन.
त्याला दहावीपर्यंत दाखवल्या,
बारावीपासून पुढच्या दाखवल्या.
मधलीवर मी उभी होते.