रिकाम्या गाडीचं वजन

बावड्याच्या साखर कारखान्यात
एकतीस वर्षं मी काट्यावर होतो.
उसाची गाडी भरलेली तोलायची,
गव्हाणीपाशी रिकामी झाली की पुन्हा तोलायची.
दोन आकड्यांतला फरक, तेवढा ऊस.
गाडीवानाच्या शपथा काट्याला कळत नाहीत.

म्हणून मंडळीनं मला खजिनदार केलं.
"योनामामा, तुमचा हात चोख."

दर रविवारी उपासना संपली की
बाजूच्या खोलीत चटईवर दान ओततो,
चुरगळलेल्या नोटा मांडीवर सपाट करतो.
रेबेकाबाई चोपडे लक्ष्मीपुरीत दुकानं झाडतात.
त्यांची वीसची नोट चार घड्यांची,
उघडण्याआधीच ओळखू येते.
हंगामाच्या सणाला लिलाव:
एक भोपळा अकराशेला,
एक कोंबडा दोन हजारांना,
घेणाऱ्यानं तो परत दान केला, परत बोली लागली,
हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.
त्या पैशांतून बालवाडीवर कौलं यायची होती.

कौलं आली नाहीत.
पाळकसाहेबांच्या दारात पांढरी मोटार आली.

मी लगेच विचारलं नाही.
माझी मार्था गेली तेव्हा
तीन रात्री ते सीपीआरच्या व्हरांड्यात
माझ्याशेजारी बाकावर बसून होते.
अशा माणसाकडं पावती मागायची कशी?

चौथ्या वर्षी मागितली.
ते म्हणाले, "मी हिशेब प्रभूला देतो."
म्हटलं, "त्याला द्याच साहेब,
एक प्रत मलाही द्या."

पंचांत गलका झाला.
"घरचं उणं वेशीला टांगू नका."
"आज सरकार वही मागंल, उद्या वेदीची किल्ली.
दिवस कसले आलेत, बघताय नव्हं?"
सॅमसनराव खोटं बोलत नव्हते.
रात्री फाटकावर दगड आले होते
तेव्हा दिव्याच्या काचा मीच वेचल्या होत्या.

तरी धर्मादाय कार्यालयात अर्ज दिला.
हात थरथरला, तारीख दोनदा खोडली.

निरीक्षक बाई आल्या, पाडळकर.
पायरीवर चपला काढल्या, सवयीनं.
"दानपेटी कुठं आहे?"
"पेटी नाही बाई, मखमलीची पिशवी फिरते."
"बरं. मग पिशवीचं रजिस्टर?"

साहेबांनी शाळेची शंभरपानी वही आणली.
पेन्सिलीनं: प्रवास. औषध. प्रवास. पाहुणे.
एका पानावर एकेचाळीस हजार,
पुढं लिहिलेलं: देवाला ठाऊक.
बाईंनी चष्मा वर केला.
"मग त्याची सही घ्या की."
मला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही.

मग त्यांनी व्हाउचरं उलटली.
चार व्हाउचरांवर आकडे मागाहून भरलेले, निळ्या शाईत.
खाली सही काळ्या शाईत,
य ला लांब शेपूट.
माझी.

सीपीआरच्या त्या बाकावर
त्यांनी कोरे कागद पुढं केले होते.
एका हातात माझ्यासाठी चहा होता.
मी कप घेतला, पेन घेतलं,
वाचलं काहीच नाही.

बाईंनी जबाबात दोन्ही नावं लिहिली,
एकाखाली एक.

परवा काट्याजवळनं गेलो.
भरल्या गाडीवर गाडीवान तसाच बसलेला.
जुनी खोड ही,
भरलेली तोलताना बसून राहायचं,
रिकामीवरून तेवढं उतरायचं,
आणि आपलं वजन उसात खपवायचं.
खिडकीतनं नवा पोरगा ओरडला,
"उतरा ओ खाली!"
मी फाटकाबाहेर, रस्त्यावर उभा,
तरी दोन पावलं मागं सरलो.

रविवारी चटईवर दोन पोरी मोजायला बसल्या,
एक बँकेतली, एक अजून कॉलेजातली.
साहेब दाराशी उभे, मीही दाराशी.
एकमेकांकडं बघितलं नाही.
चार घड्यांची नोट त्यांच्या हाती आली.
कॉलेजातल्या पोरीनं ती उलगडली,
उजेडाकडं धरली,
आणि मोठ्यानं म्हणाली, वीस.