मातीचं तेल

कुंभारखेडात पेपर यायचा चार दिवस शिळा,
दारव्ह्याकडच्या गाडीने, गार्डाच्या पेटीखाली दुमडून,
आणि तरीही तो येईपर्यंत
ते चार दिवस घडलेलेच नसत.

झिबलकाका वाचायचे.
जिनात रुईच्या धुळीत जन्म काढलेला माणूस,
गठाणींवर काळ्या शाईने मारलेल्या खुणांवरून
अक्षरं शिकलेला.
आधी चूळ भरायची, मग टोपी सारखी करायची,
मग बोट ओळीखाली.
जोडाक्षर आलं की
नाल्यात बैल थबकावा तसे थबकत,
एक खोकला काढत,
आणि पलीकडे चढत.

सगळं वाचायचे. लढाई, सरकीचा भाव,
केसांच्या तेलाची जाहिरात,
घरातून निघून गेलेल्या कुणाचं वर्णन,
रंग सावळा, उंची पाच फूट, डाव्या गालावर डाग,
आणि अगदी तळाशी
छापणाऱ्याचं नाव, पत्ता.
तोवर कुणी उठत नसे.
आधी उठणं म्हणजे पंगतीतून उठणं.

कंदिलाचं मातीचं तेल पाळीपाळीने.
सोमवारी कोतवाल, मंगळवारी चिंधाबाई,
बुधवारी रजाबी, बांगड्यावाली.
ज्याचं तेल, त्याची एक बातमी दोनदा.
रजाबी दर बुधवारी
हरवलेला माणूस पुन्हा वाचायला लावी.
का, ते कुणी विचारलं नाही.

मग दवाखान्यात वत्सला मेश्राम आल्या,
नागपुरात दाईचं शिकून.
दिवेलागणीआधी पायरीवर पुस्तक घेऊन बसत,
तोंड मिटून.

'थे बाई वाचते का नुसती पायते?'
'ओठ तं हालत नाही.'
'मनातल्या मनात वाचते म्हने.'
'मंग आपल्याले कसं समजन?'

एकदा पान उलटताना त्या हसल्या.
एकट्याच.
चिंधाबाईने डोक्यावरचं सरपण खाली टाकलं.
'काय झालं वं बाई?'
'काही नाही.'

गावात पहिल्यांदाच काहीतरी वाचलं गेलं होतं
आणि कुणाच्याच कानावर पडलं नव्हतं.

मी नऊ वर्षांचा. त्यांच्या शेजारी बसून
ओठ आवळून बघायचो, ते सुटायचेच.
शेवटी त्यांनी माझ्या तोंडावर बोट ठेवलं,
बोटाला आयडीनचा वास.
आणि आत कुणीतरी वाचू लागलं.
मी दचकून मागे पाहिलं.
आवाज झिबलकाकांचा होता.
जोडाक्षरापाशी खोकलासुद्धा तोच.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
पण त्या बुधवारी काकांनी स्वतः उठून
पेपर बाईंपुढे धरला.
'एक डाव तुमी वाचा, तुमच्या रीतीनं.
आमी पायतो.'

बाईंनी वाचला.
कंदिलाभोवती पंचवीस माणसं, मागे भिंतीशी बाया,
आणि त्यांचे डोळे इकडून तिकडे, तिकडून इकडे,
मागावरच्या धोट्यासारखे.
धोटा दिसत होता. कापड दिसत नव्हतं.
एके ठिकाणी त्यांची भुवई हलली
तसे सगळे पुढे सरकले,
पण ती भुवई लढाईची होती की सरकीची,
कोण सांगणार.

मग त्यांनी घडी घातली.
छापणाऱ्याच्या नावापर्यंत पोचल्या की नाही
हेही कळलं नाही,
म्हणून कुणी उठेना.

रजाबी म्हणाली,
'तेल तं मायं जळलं,
आन् मानूस सापडला का नाही
थे बी नाही समजलं.'

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ.
घडी पुन्हा उघडली.
घसा खाकरला.

आवाज त्यांचा होता, थोडा बुजरा.
ओळीखालचं बोट काकांचं.