तिसऱ्या घंटेच्या आत

मंगळवारी लाइन नसते, म्हणून राइस मिल बंद.
कोंड्याच्या पोत्यांवर आम्ही चौघं,
मधात पालथा पिंप, त्यावर सातवेस नगर:
खताच्या कंपनीच्या कॅलेंडरची मागची बाजू,
पेन्सिलीनं काढलेली सात दारं,
एक बंदर, समुद्र आमच्यातल्या कुणी पाहिलेला नसताना,
आणि एक नदी, जी दोनदा खोडताना कागद फाटला.
तिथं आता पूल आहे.

खेळ असा, की मी सांगायचं आणि त्यांनी जगायचं.
शालिक चोर. या मिलमध्येच हमाल आहे,
खेळात मात्र त्याला ओझं नको असतं.
प्रज्ञाशीला वैदू. टेकाम भालाईत;
एरवी तो लाइनमन,
आणि मंगळवारचं कारण त्याला विचारायचं नाही असं ठरलेलं.

विष चढलेला कोतवाल मासळी दारापाशी पडलाय.
उतारा बंदरावर, वैदूच्या झोळीत.
तिसऱ्या घंटेच्या आत पोचायचं.
"अर्धा तास लागते," मी म्हणालो.

"कोणता अर्धा तास?" शालिक.
"रिकाम्या हातानं, का पाठीवर पोतं घेऊन?"
"गुरं परतायच्या आधी का मंग?" टेकाम.

मी वही पुढे केली. रात्री जागून केलेलं कोष्टक:
गल्लीला दोन मिनिटं, चौकाला पाच, पुलाला दहा.
फाशावर एक आला तर मिरवणूक, दहा मिनिटं वाढवा.
लाल शाईनं रेघा मारल्या होत्या.
प्रज्ञाशीलानं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"आईले मेडिकलमध्ये नेलं तेव्हा," ती म्हणाली,
"नागपूरच्या बसस्टँडवरून नकाशात बोटभर होतं.
आठाले उतरली मी. ऑटोवाल्यानं जे सांगितलं
त्यात आमचं परतीचं तिकीट होतं, म्हणून पायी निघालो.
एक चौक ओलांडाले थांबलो, तर आईची
अख्खी पोळी खाऊन झाली उभ्या उभ्या.
एकानं डावीकडं सांगितलं, एकानं उजवीकडं.
दोघंही बरोबर होते गा.
चिठ्ठीची खिडकी आमच्या तोंडावर लागली.
शहरात अंतर नसते. मधात माणसं असतात."

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं.
मी लाल रेघांवर पेन्सिल फिरवली, शाई गेली नाही,
मग पानच दुमडलं.

आता सातवेशीत एका दारापासून दुसऱ्या दाराशी जायला
एक माणूस लागतो.
त्याला वेळ द्या, नाहीतर दुसरं काही द्या.

पहिला होता हातगाडीवाला, चाक गटारात.
शालिक बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, "लावतो खांदा."
घंटा एक.
दुसरी म्हातारी, चुकीचा रस्ता
इतक्या मायेनं सांगणारी, की तो नाकारणं जमेना.
घंटा दोन.
पुलावर पहारेकरी. टेकामनं त्याला भाला देऊन टाकला,
तीन मंगळवार खेळून मिळवलेला.

उरला एकच फासा. पंधराच्या वर हवा.
वीस बाजूंचा तो निळा फासा डब्यावरून उसळला
आणि थेट कोंड्यात गेला.
प्रज्ञाशीलानं कोपरापर्यंत हात घातला,
चाचपलं, मूठ बाहेर काढली,
आपल्याच पदराआड उघडून पाहिली.
"सतरा."
कुणी दाखव म्हटलं नाही.
कोतवालानं डोळे उघडले. मी सांगितलं तसं.

घराचा रस्ता तळ्याच्या पाळीवरून.
वाघीण दिसल्यापासून सहानंतर
चौघं जमल्याशिवाय कुणी निघत नाही,
आणि निघालं की मोठ्यानं बोलायचं.
कोतवालानं आम्हाला बक्षीस काय द्यावं
यावर पाळ अर्धी संपली.
बोलणं संपलं, पाळ उरली होती,
तेव्हा शालिकनं खिशातले फासे
मुठीत घेऊन वाजवायला सुरुवात केली,
पार घरं येईपर्यंत.